फटाके, केरकचरा आणि सार्वजनिक उपद्रव : दारासुरम् येथील वारशाभोवती कायद्याचे कवच किती पक्के?

दारासुरम् (तमिळनाडू) : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणम शहरापासून जेमतेम चार किलोमीटरवर असलेले दारासुरम् हे गाव ऐरावतेश्वर मंदिरामुळे जगाच्या नकाशावर आहे. चोळ सम्राट दुसरा राजराजा याने बाराव्या शतकात उभारलेले हे मंदिर २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. परंतु मंदिराच्या भिंतीपलीकडे रस्ते, गटारे, घरे, दुकाने आणि सणवार असलेले नेहमीचे गाव आहे. तेथे फुटणारा फटाका, रस्त्यावर पडणारे वेष्टन आणि गटारात लोटला जाणारा घरचा केर यांच्याबाबत कायदा काय सांगतो, जबाबदारी कोणाची आणि नागरिकाने दाद कोठे मागावी, याचा हा आढावा. दारासुरम् येथे लागू असलेले बहुतेक केंद्रीय कायदे महाराष्ट्रातील गडकोटांच्या पायथ्याच्या गावांनाही तसेच लागू आहेत.

दारासुरम् येथील प्रश्न वेगळा का?

ऐरावतेश्वर मंदिराचे विमान, म्हणजे गर्भगृहावरील शिखर, सुमारे २४ मीटर उंच आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या तुलनेत ते लहान असले, तरी सूक्ष्म शिल्पकामासाठी त्याची ख्याती आहे. ६३ शैव संतांच्या, म्हणजे नायनमारांच्या, जीवनकथा सांगणारी शिल्पपट्टी मुख्य मंदिराच्या आधारभागावर आहे. भारतीय कलेच्या अभ्यासकांना सर्वाधिक मोलाची वाटणारी ही शिल्पे जमिनीपासून फार उंच नाहीत. मंदिराचे आवारही भोवतालच्या जमिनीपेक्षा सखल आहे. पाण्याचा निचरा अडला की ओल प्रथम पायथ्याशी पोहोचते. साचलेल्या पाण्यातील क्षार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी सुकल्यावर त्यांचे स्फटिक होतात आणि हळूहळू पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. कचऱ्यातून झिरपणारे पाणी असेल तर क्षारांचे प्रमाण अधिक असते.

यात ऋतुमानाची भर पडते. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा ओसरलेला असतो. फटाक्यांचा कागद रस्त्यावर कोरडा पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी झाडूने गोळा करता येतो. तमिळनाडूच्या किनारी भागात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम असतो. दीपावली नेमकी या काळात येते. त्यामुळे फटाक्यांचा चुरा, पुठ्ठा, प्लास्टिकची वेष्टने आणि अर्धवट जळालेली दारू उचलण्याआधीच पावसाबरोबर गटारात वाहून जाण्याची शक्यता येथे अधिक असते. त्यात घरचा केर आधीच अडकलेला असेल तर गटार तुंबते. फटाके, रस्त्यावरचा केर आणि घरगुती कचरा हे कागदावर तीन वेगवेगळे विषय आहेत. दारासुरम् येथे पावसाच्या दिवसांत ते एकाच गटारात येऊन मिळतात.

मराठी वाचकांना हा प्रदेश परका नाही. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविण्यात आलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही तेथे आहे. तंजावरचे बृहदीश्वर, गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् ही तिन्ही मंदिरे 'महान जिवंत चोळ मंदिरे' या नावाने एकत्रितपणे जागतिक वारसा आहेत. येथे 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. या मंदिरांत आजही पूजाअर्चा चालते. सण, गर्दी आणि नैवेद्य हे त्यांच्या वारशाचेच अंग असल्याने कुलूप लावून त्यांचे रक्षण करता येत नाही.

सार्वजनिक उपद्रव म्हणजे काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. एखाद्या कृतीमुळे किंवा कायद्याने बंधनकारक असलेले काम न केल्यामुळे जनतेला अथवा परिसरातील रहिवाशांना सामाईक इजा, धोका किंवा त्रास होत असेल, तर तो सार्वजनिक उपद्रव ठरतो. सार्वजनिक हक्क बजावताना लोकांना अडथळा होणार असेल तरीही ही व्याख्या लागू होते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २६८ मध्ये हीच तरतूद होती.

या व्याख्येतील तीन गोष्टी सामान्यतः दुर्लक्षित राहतात. पहिली, कृती न करणे हादेखील उपद्रव होऊ शकतो. कचरा टाकणाऱ्याइतकाच, तो उचलण्याचे कायदेशीर कर्तव्य असूनही न उचलणारा जबाबदार ठरू शकतो. दुसरी, उपद्रवातून कोणाची तरी सोय किंवा फायदा होतो, हा बचाव कायद्याला मान्य नाही. कोपऱ्यावरचा उकिरडा शेजारच्या घरांना सोयीचा आहे, म्हणून तो क्षम्य ठरत नाही. तिसरी, उपद्रव सामाईक असावा लागतो. दोन शेजाऱ्यांमधील खासगी भांडण या कलमाखाली येत नाही.

शिक्षेच्या बाबतीत नवी संहिता काहीशी कठोर झाली आहे. ज्या उपद्रवासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही, त्याला कलम २९२ नुसार एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या संहितेत हीच मर्यादा २०० रुपये होती. उपद्रव थांबविण्याचा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यावरही तो चालू ठेवल्यास कलम २९३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक झरा किंवा जलाशयाचे पाणी जाणूनबुजून दूषित करून ते वापरास कमी योग्य करणे हा कलम २७९ खाली स्वतंत्र गुन्हा असून, त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. तीर्थे आणि पुष्करिणी यांनी भरलेल्या कुंभकोणम परिसरात या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळून इतरांचा जीव धोक्यात घालणे कलम २८८ खाली येते.

फटाके : वेळ, आवाज आणि माळ

फटाक्यांवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने आले. १९९९ मध्ये केंद्र सरकारने आवाजाची मर्यादा ठरविली. फटाका फुटल्याच्या जागेपासून चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल एआय किंवा १४५ डेसिबल सी शिखरपातळी यापेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी आली. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके फोडण्यास मनाई केली. ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रात्रीच्या वेळी आणि घोषित शांतता क्षेत्रात असे फटाके फोडता येत नाहीत.

२३ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्जुन गोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कमी प्रदूषणकारी, म्हणजेच 'हरित' फटाक्यांनाच परवानगी दिली आणि दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. दक्षिणेत त्यातून एक अडचण उभी राहिली. तमिळनाडूत दीपावली ही प्रामुख्याने नरक चतुर्दशीच्या पहाटेची असते. महाराष्ट्रात 'पहिली आंघोळ' म्हणून ओळखले जाणारे अभ्यंगस्नान तेथेही तितकेच महत्त्वाचे आहे आणि फटाके त्यानंतर फुटतात. पहाटेची वेळही मिळावी, अशी विनंती तमिळनाडूने केली. त्यावर न्यायालयाने एकूण दोन तासांची मर्यादा कायम ठेवून ते तास निवडण्याची मुभा राज्याला दिली. तमिळनाडू सरकारने सकाळी ६ ते ७ आणि सायंकाळी ७ ते ८ अशी विभागणी केली. परंपरेचा मान राखूनही मर्यादा घालता येते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

याच निकालाने फटाक्यांच्या माळांवरही बंदी घातली. माळांमुळे हवा आणि ध्वनी यांच्या प्रदूषणाबरोबरच मोठ्या प्रमाणावर घनकचरा निर्माण होतो, हे त्यामागचे कारण होते. फटाका आणि केर यांचा संबंध न्यायालयाने येथे स्पष्टपणे जोडला. बेरियमच्या क्षारांचा वापरही निषिद्ध ठरला. हरित फटाक्यांची सूत्रे विकसित करण्यात नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात 'नीरी', अग्रभागी होती. पारंपरिक फटाक्यांच्या तुलनेत त्यांतून सुमारे ३० टक्के कमी सूक्ष्मकण बाहेर पडतात. परंतु 'हरित' याचा अर्थ निर्धोक असा नाही. त्यांचाही आवाज होतो, धूर होतो आणि रस्त्यावर त्यांचाही कागद उरतो.

फटाक्यांबाबत तमिळनाडूची भूमिका नाजूक आहे. देशातील बहुतांश फटाके विरुधुनगर जिल्ह्यातील शिवकाशी परिसरात तयार होतात आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. त्यामुळे सरसकट बंदीची मागणी येथे राजकीयदृष्ट्या आणि सामाजिकदृष्ट्या टिकणे कठीण आहे. वेळ, जागा आणि प्रकार यांच्या मर्यादांचे पालन हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

महाराष्ट्रातही हा प्रश्न न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हवेची गुणवत्ता खालावल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० इतकी मर्यादित केली होती.

केर आणि घरगुती कचरा

घनकचऱ्याच्या कायद्याला चालना मिळाली ती १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९९४ मध्ये, सुरतमधील प्लेगच्या साथीने शहरी अस्वच्छतेची किंमत देशाला दाखविली होती. त्यानंतर २००० मध्ये नागरी घनकचरा नियम आले आणि २०१६ मध्ये त्यांची जागा घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली.

२०१६ च्या नियमांनी प्रथमच कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर थेट कर्तव्ये टाकली. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे, तो पालिकेने नेमलेल्या व्यक्तीकडे देणे आणि ठरविलेले शुल्क भरणे ही त्यांतील मुख्य कर्तव्ये होती. आपल्या आवाराबाहेर रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा जलाशयात कचरा फेकणे, जाळणे किंवा पुरणे यांस या नियमांनी मनाई केली. परवाना नसलेल्या ठिकाणी शंभरहून अधिक लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असल्यास किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळविणे आणि कचरा वेगळा करून देणे ही जबाबदारी आयोजकावर आली. उत्सव मंडळे, लग्नसमारंभ आणि अन्नदानाचे कार्यक्रम या तरतुदीच्या कक्षेत आले.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळल्यास साध्या प्रकरणी पाच हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. तमिळनाडूत हा आदेश भोगीच्या दिवशी विशेष महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात भोगी म्हटले की मिश्र भाजी आणि बाजरीची भाकरी आठवते. तमिळनाडूत त्या पहाटे घरातील जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा आहे. पूर्वी त्यांत चटया, झाडू आणि लाकूड असे. आता प्लास्टिक आणि रबरही आगीत जाते, आणि ते न जाळण्याचे आवाहन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला करावे लागते.

प्लास्टिकबाबत तमिळनाडूने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरण्याच्या १४ वस्तूंवर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी मार्च २०१८ मधील, तर देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ पासूनची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने 'मीण्डुम् मंजप्पै', म्हणजे 'पुन्हा पिवळी पिशवी', ही मोहीम सुरू केली. लग्नसमारंभात भेट मिळणारी पिवळी कापडी पिशवी तमिळ घराघरांत परिचित होती. शहरीकरणात ती गावंढळपणाची खूण ठरली. तिला पुन्हा प्रतिष्ठा देण्याचा हा प्रयत्न आहे.

नियम असूनही अंतर मोठे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात दररोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता. त्यापैकी सुमारे ९५ टक्के गोळा झाला, निम्म्यावर प्रक्रिया झाली आणि १८ टक्क्यांच्या आसपास कचराभूमीत गेला. उरलेल्या जवळपास एक तृतीयांश कचऱ्याचा हिशेब लागला नाही. गटारे, ओढे, तळी आणि रिकामे भूखंड यांत दिसणारा कचरा हा या हिशेबाबाहेरच्या भागाचाच अंश असतो.

कुंभकोणमने या क्षेत्रात काही पुढाकारही घेतला आहे. करिकुलम येथील जुन्या कचराभूमीवर साठलेला कचरा खणून, चाळून, वेगळा करण्याची 'बायोमायनिंग' प्रक्रिया करण्यात आली. देशातील अशा आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. मात्र जुना ढीग उपसणे आणि नवा ढीग होऊ न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम दररोज सकाळी घरोघरी करावे लागते.

भिंतीच्या आत एक यंत्रणा, बाहेर दुसरी

ऐरावतेश्वर मंदिर १९५४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायदा १९५८ नुसार संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्मारकाच्या आवारात परवानगीच्या जागेखेरीज अन्न शिजवण्यास व खाण्यास नियमांनी मनाई आहे.

२०१० च्या दुरुस्तीने स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित घोषित झाला. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. हे पट्टे मुख्यतः बांधकाम आणि खाणकाम यांच्यासाठी आहेत. त्या पट्ट्यात रस्त्यावर फेकलेला केर किंवा तुंबलेले गटार यांची दैनंदिन जबाबदारी पुरातत्त्व विभागाकडे जात नाही. ती स्थानिक संस्थेकडेच राहते. फटाक्यांच्या वेळेचे पालन पोलिसांकडे, प्रदूषणाची मोजणी राज्य मंडळाकडे आणि मंदिराच्या धार्मिक व्यवस्थेतील बाबी देवस्थान प्रशासनाकडे असतात. यंत्रणा अनेक आणि गटार एक, अशी ही स्थिती आहे.

२०२१ मध्ये कुंभकोणमला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला आणि दारासुरम् नगरपंचायत तिच्यात विलीन झाली. त्याच निर्णयाने शिवकाशीलाही महानगरपालिका मिळाली. दारासुरम् येथील रहिवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की कचऱ्याबाबतची पहिली तक्रार आता महानगरपालिकेकडे करायची आहे.

निधी नाही, हे उत्तर चालत नाही

स्थानिक संस्थांचे नेहमीचे उत्तर असते ते निधीच्या टंचाईचे. या उत्तराचा निकाल १९८० मध्येच लागला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम येथील एका वस्तीतील नागरिकांनी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने, आर्थिक अडचण सांगून नगरपालिकेला मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही, असा निर्णय दिला. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला आदेश पालिकेवर बंधनकारक ठरला. 'बंधनकारक काम न करणे हाही उपद्रव' या तत्त्वाला त्यामुळे प्रत्यक्ष धार आली.

दाद कोठे मागावी?

- कचरा न उचलणे, तुंबलेली गटारे : प्रथम महानगरपालिका किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. दिनांक असलेले छायाचित्र पुढील टप्प्यावर उपयोगी पडते.

- वेळेबाहेरचे फटाके, शांतता क्षेत्राचा भंग : पोलीस ठाणे किंवा ११२ क्रमांक. ध्वनिप्रदूषण नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालील आहेत. १ एप्रिल २०२४ पासून या कायद्यात कारावासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे.

- सततचा उपद्रव : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा विशेष अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. त्यासाठी पोलीस अहवालच हवा असे नाही. नागरिकाने दिलेली माहितीही पुरेशी ठरू शकते. आदेश कायम झाल्यावर पालन न झाल्यास दंडाधिकारी ते काम करवून घेऊन खर्च वसूल करू शकतात. जुन्या संहितेतील कलम १३३ ते हेच.

- दिवाणी मार्ग : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ नुसार दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा लावू शकतात. स्वतःचे विशेष नुकसान झाल्याचे दाखविण्याची आवश्यकता नसते.

- पर्यावरणाचा गंभीर प्रश्न : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. दक्षिण विभागीय पीठ चेन्नईत, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.

- स्मारकाला थेट हानी : पुरातत्त्व विभागाचे स्थानिक कार्यालय किंवा मंडल कार्यालय आणि पोलीस.

पुढील कसोटी २०२८ मध्ये

कुंभकोणममध्ये दर बारा वर्षांनी महामहम पर्व भरते. यापूर्वीचे मुख्य स्नान २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाले. पुढील पर्व २०२८ मध्ये आहे. कुंभमेळ्याशी परिचित असलेल्या नाशिककरांना त्या गर्दीची कल्पना सहज येईल. महामहमसाठी येणाऱ्या भाविकांपैकी अनेकांची पावले जवळच्या दारासुरमकडेही वळतील. तोवर कायद्यात नवी भर पडण्याची गरज नाही. मंदिराभोवतालच्या गटारांची सफाई ईशान्य मोसमी पावसाच्या आधी पूर्ण होणे, दीपावलीच्या सकाळी सात वाजता फटाके थांबताच रस्ते झाडले जाणे, विक्रेत्यांकडून ओला व सुका कचरा वेगळा घेतला जाणे आणि महानगरपालिका, पोलीस, पुरातत्त्व विभाग व देवस्थान यांनी आपापल्या हद्दी आधीच लेखी निश्चित करणे, एवढ्या गोष्टी आजच्या कायद्याच्या चौकटीत शक्य आहेत.

कावेरीच्या या सपाट गाळाच्या प्रदेशात दगड मिळत नाही. मंदिरासाठी तो दुरून आणावा लागला. आठशेहून अधिक वर्षे टिकलेल्या या दगडाचे भवितव्य बऱ्याच अंशी शेजारच्या गटारातून पाणी वाहते राहते की नाही, यावर अवलंबून आहे.